पटसंख्या

पहाटे साडेपाचला, एस.टी.च्या दिव्यात मोजली तेव्हा
त्रेचाळीस.
तोंडातोंडातून वाफ, पिशव्यांत कळण्याची भाकरी,
आणि भिकन तडवीच्या अंगात त्याच्या बापाचा कोट,
बाह्या गुडघ्यांपर्यंत.
अर्जात मी लिहिलं होतं : हिवाळी सहल, कोट व प्रार्थनास्थळे.
हेडसरांनी खाली लाल शाईत :
मोजून न्या, मोजून आणा.

अमळनेरच्या दगडी दरवाजाखाली
मी सांगत होते, इथे हत्तीसुद्धा थबकला असेल,
तेवढ्यात एक म्हैस गेली,
मागून गॅस सिलिंडरचा टेम्पो,
मग हळद लागलेला, थंडीने निळा पडलेला नवरदेव.
कुणी कुणाला अडवलं नाही.
"बाई, भिंत कुठे गेली?" ललिता हटकर.
त्या घराच्या जोत्यात बघ, म्हटलं,
त्या गोठ्याच्या पायरीत.
पूर्वी भिंतीच्या आत गाव राहायचं,
आता गावाच्या आत भिंत राहते.
ललिताने वहीत लिहिलं :
भिंत गोठ्यात आहे.

बेचाळीस.
पुन्हा मोजली. बेचाळीस.
बोरी नदीचं सगळं गार पाणी माझ्या पोटात उतरलं.
मग ड्रायव्हर नाना खिडकीतून ओरडला,
"बाई, तुमना एक कोट आठेच शे!"
मागच्या सीटवर कोट घोरत होता,
आत कुठेतरी भिकन.

पारोळ्यात खंदकाचं पाणी हिरवंगार, हलत नाही,
जवळच्या बाजारात भरताची वांगीही हिरवी.
पोरांनी एकेक जंगी वाटून घेतली, एकेक डोळा लावला.
जिथून बंदुकीने बघायचं
तिथून जयेशला दिसली गच्चीवर गोधडी टाकणारी बाई.
तिने सहज हात केला.
मग तटाच्या भोकाभोकांतून हात बाहेर निघाले,
कुणाचा कोपरापर्यंत, कुणाची नुसती बोटं,
भिकनची फक्त बाही.
ती बाई हसून हसून गोधडीवरच बसली.
सनावळी सांगायची राहून गेली माझी.

भुसावळला पोचलो तर उन्हं उतरलेली.
रुळांच्या पलीकडे चर्च, काळ्या दगडाचं, उंच छपराचं.
दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या.
राखणदार म्हणाला, नाही काढल्या तरी चालतं.
तोवर ढीग झाला होता.
आत रंगीत काचांचा उजेड फरशीवर सांडलेला,
पोरं लाल चौकोनातून निळ्यात पाय टाकत होती
आणि कुजबुजलेलं सगळं छपराला लागून मोठं होऊन परत येत होतं.
"बाई, हा किल्ला कोणाशी लढला?"
ललिताच.
भिंतीवर संगमरवरी पाटी होती, इंग्रजीत.
एका गार्डची मुलगी. वय दोन वर्षं, तीन महिने. पटकी.
"काय लिहिलंय?"
"नाव आहे," म्हटलं. "जुनं नाव."
मालगाडी गेली, बाकं थरथरली,
ती थांबेपर्यंत कुणीच बोललं नाही.

निघताना मोजली. चव्वेचाळीस.
बोट ठेवून मोजली. चव्वेचाळीस.
तिसऱ्या बाकावर, भिकनच्या शेजारी,
एक अनोळखी, पातळ फ्रॉकातली, पाय हलवत.
"तू कोणाची गं?"
"इथलीच. सलोमी. राखणदाराची."
मग जरा थांबून,
"मोजलंच आहे तर राहू द्या ना."
मी राहू दिलं. दारापर्यंत ती आमच्या पटावर होती.

परतीला अंधार. दोन्ही बाजूंना कापूस,
चांदणं पडल्यासारखा, पण चांदणं नव्हतं.
गावात उतरवून घेताना कंदिलाजवळ उभी राहिले.
त्रेचाळीस. बोट मात्र
अजून एकासाठी हवेत थांबलं.
शेवटी भिकन उतरला, नुसत्या शर्टात,
दातांवर दात वाजत.
"आणि तुझा कोट?"
"तठेच राही ग्या, बाई." आणि तो पळाला.
राही ग्या, की ठेवला, विचारायला तो होता कुठे.

सकाळी हेडसर.
"सगळी आणलीत?"
म्हटलं, पोरं पूर्ण आहेत, सर.
एक कोट कमी आहे.